रात्री बारानंतरची गाडी : प्रोग्रॅममधली चूक तुम्ही कशी शोधता?

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०.५०

नऊ दिवस एका चुकीच्या मागे होतो. ती शनिवारी रात्री सापडली. आधी ती सांगतो, मग तुम्हा सगळ्यांना एक विचारायचं आहे.

मी एका शेतकरी गटाचं सॉफ्टवेअर बघतो. निफाड, दिंडोरीकडचा टोमॅटो आणि भाजीपाला नाशिकच्या शेडवर येतो, काट्यावर वजन होतं, आणि गाड्या रात्रीच कसारा घाटाने मुंबईकडे निघतात. वजन झालं की मोबाईलवरून काटापट्टी छापून शेतकऱ्याच्या हातात देतात. तीच नोंद सर्व्हरवर जाते आणि तिथे हिशोबपट्टी तयार होते.

तक्रार अशी होती की काही पट्ट्यांच्या तारखा जुळत नाहीत. हिशोबपट्टीवरची तारीख काटापट्टीच्या एक दिवस मागे. सगळ्यांच्या नाही, रोजही नाही. टोमॅटोचा भाव तर रोज बदलतो. क्रेटमागे पन्नास रुपयांचा फरक पडला तर साठ क्रेटवाल्याचे तीन हजार रुपये इकडचे तिकडे होतात. घामाचे पैसे आहेत, झोप लागत नव्हती.

मी काय केलं? कोड वाचला. पुन्हा वाचला. ऑफिसात बसून दोनशे खोट्या नोंदी टाकल्या, दोनशेच्या दोनशे बरोबर आल्या. मग शेडवर नेटवर्क जातं म्हणून नोंद उशिरा पोचत असेल, असा संशय घेतला. तीन दिवस त्यात गेले. नंतर कामगारांच्या फोनची घड्याळं तपासली. ती बरोबर होती.

आठव्या दिवशी रात्री शेडवर जाऊन बसलो. तिथले दिवाणजी साठीच्या पुढचे आहेत, वही आजही हाताने लिहितात. साडेबारा वाजले, एक गाडी भरायला लागली. ते वही मिटून म्हणाले, "आता बघा, हिची तारीख चुकेल. बारानंतरची गाडी असली की चुकतेच. मी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं तुम्हाला."

सांगितलं होतं, हे खरं. मी ऐकलं नव्हतं.

पहिल्या क्रेटचं वजन झालं, १२.४० ला काटापट्टी निघाली, तारीख ११. मी लॅपटॉपवर सर्व्हरची नोंद उघडली, तारीख १०. आठ दिवसांत पहिल्यांदा ती चूक माझ्या डोळ्यांसमोर घडली. पुढच्या दहा मिनिटांत ओळ सापडली. सर्व्हर वेळ जागतिक प्रमाणवेळेत ठेवतो आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात तिकडे आदलीच तारीख चालू असते. मी जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत 'टू-आयएसओ-स्ट्रिंग' (ती जागतिक वेळ अक्षरांत लिहून देणारी आज्ञा) करून पहिली दहा अक्षरं तारीख म्हणून कापून घेतली होती. ती ओळ मी वीस वेळा तरी वाचली असेल. ओळ चुकीची दिसतच नाही. दिवसा चालवली तर चुकतही नाही, आणि माझी सगळी चाचणी दिवसाची.

माझी खात्री पटली आहे की चूक कुठे आहे याआधी ती कधी होते ते शोधायला हवं. आणि 'कधी' हे बहुतेक वेळा वापरणाऱ्या माणसाला माहीत असतं. तुमचा अनुभव काय? चूक समोर आली की तुम्ही पहिलं काय करता?

सातपूर_शॉप | सोमवार, रात्री ११.३५

मी प्रोग्रॅमर नाही, सीएनसी सेटर आहे, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी कापकामाची मशीनं लावून देतो. पण प्रोग्रॅममधल्या चुकीने आमच्याकडे टूल तुटतं, चक फुटतो, कधी माणसाला लागतं. म्हणून लिहितो.

एका जुन्या लेथवर वर्षानुवर्षं चाललेला प्रोग्रॅम नव्या मशीनवर घातला. जॉब तोच, मटेरियल तेच. त्यात एका ओळीत 'एक्स ५०' लिहिलेलं, पन्नासच्या पुढे टिंब नाही. जुन्या मशीनचं पॅरामीटर कोणीतरी असं लावून ठेवलेलं की टिंब नसलं तरी मिलिमीटरच धरायचं. नव्यावर ते लावलेलं नव्हतं. तिथे टिंब नसलं तर आकडा मायक्रॉनमध्ये धरला जातो. म्हणजे ५० मिलिमीटरवर थांबायचं टूल ०.०५ वर निघालं, थेट सेंटरकडे.

वाचलो ते एकाच सवयीमुळे. नवा प्रोग्रॅम असो वा जुना, मशीन नवीन असलं की पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर काढायचा. एक ओळ चालते, मशीन थांबतं, बटण दाबलं की पुढची ओळ. रॅपिड (टूल कापत नसताना धावतं तो वेग) सगळ्यात कमी, एक बोट फीड होल्डवर, म्हणजे टूल थांबवायच्या बटणावर, आणि नजर स्क्रीनवरच्या उरलेल्या अंतरावर. टूल जॉबपासून चार बोटांवर आलेलं आणि स्क्रीन सांगतेय की अजून त्याच्या कितीतरी पट जायचंय. दाबलं बोट.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर : पुढे काय होणार ते आधी मनात म्हणायचं, मग बटण दाबायचं. मनातलं आणि स्क्रीनवरचं जिथे जुळत नाही तिथेच चूक. नुसतं बघत बसलं तर डोळ्यांसमोरून निघून जाते.

काजवा | मंगळवार, सकाळी ७.१०

सातपूर_शॉप, तुमची पोस्ट मी आज वर्गात वाचून दाखवणार आहे. सिंगल ब्लॉक म्हणजे आमच्या डिबगरमधलं, चुका शोधायच्या साधनातलं, एकेक ओळ पुढे जाणं. मुलं ते शिकतात, पण 'आधी मनात म्हणा' हे त्यांना कोणी सांगत नाही.

तुमच्या लेथवर जे होता होता टळलं तेच ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेटच्या बाबतीत टळलं नाही. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेचा प्रोग्रॅम एरियान ४ वरून तसाच उचलला होता. तिथे तो उत्तम चालला होता. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बसवला जायचा, आणि त्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठं काही मावत नाही. एरियान ४ च्या मार्गावर तो आकडा तेवढा कधी होतच नव्हता. एरियान ५ ची चाल वेगळी, तिथे झाला. राखीव संगणकातही तोच प्रोग्रॅम, त्यामुळे दोन्ही बंद पडले आणि रॉकेट चाळीस सेकंदांच्या आत भरकटून फुटलं. मन विषण्ण करणारी गोष्ट ही की तो हिशेब एरियान ५ ला उड्डाणानंतर लागतच नव्हता.

जुना प्रोग्रॅम 'बरोबर' असतो तो त्याच्या जुन्या मशीनवर. जागा बदलली की तो नवाच धरायचा.

नवी_कोरी | मंगळवार, दुपारी १.२०

मी शेवटच्या वर्षाला आहे. तुम्ही सगळे अनुभवी आहात म्हणून धीर करून विचारते. माझा प्रोजेक्ट फळबागांच्या नोंदीचा आहे. झाडांची संख्या भरली की बेरीज येते. माझ्या मोबाईलवर येते, मैत्रिणींच्या मोबाईलवर येते. मामांच्या मोबाईलवर येत नाही. मोबाईल बंद करून चालू केला, ॲप काढून पुन्हा टाकलं. चारशे ओळींचा कोड दोन दिवस वाचतेय, चूक दिसत नाही. सुरुवात कुठून करू?

दिंडोरीचा | मंगळवार, दुपारी २.०५

ताई, वाचणं थांबवा. माझी बाग आहे आणि मी घरून प्रोग्रॅमिंगही करतो. ठिबकवर सांगतो, म्हणजे लगेच कळेल.

शेवटच्या ओळीतल्या वेलांना पाणी येत नाहीये. मोटर चालू आहे. आता मोटरीपासून एकेक ड्रीपर बघत निघालात तर दिवस मावळेल. मी सरळ मधल्या सबमेनपाशी (ओळींना पाणी देणाऱ्या उपनळापाशी) जातो आणि फ्लश वॉल्व्ह उघडतो. पाणी जोरात आलं तर इथपर्यंतचं सगळं ठीक, बिघाड पुढे. नाही आलं तर बिघाड मागे, फिल्टरकडे. जिकडे बिघाड त्या भागाच्या मध्यावर पुन्हा तेच. चार-पाच वॉल्व्हमध्ये चोंदलेली जागा हाताला लागते.

तुमच्याकडे आकडा एका टोकाने आत जातो आणि बेरीज होऊन दुसऱ्या टोकाला यायला हवी. बरोबर मध्यावर तो आकडा छापून बघा. आणि हे मामांच्याच फोनवर करा, तुमच्या नाही. तुमच्या शेतात पाणी येतंच आहे.

काजवा | मंगळवार, दुपारी ४.४५

दिंडोरीचा यांनी सांगितलं त्याला एक जोड. मध्यावर जाणं कोडच्या लांबीत जसं चालतं तसं काळातही चालतं. गेल्या महिन्यात चालत होतं, आज चालत नाही, आणि मधे हजार बदल झालेत. तर पाचशेव्या बदलापाशी जाऊन चालवून बघायचं, मग अडीचशेव्या किंवा साडेसातशेव्या. हजारात दहा चाचण्यांत नेमका बदल सापडतो. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये यासाठी 'बायसेक्ट' ही आज्ञाच आहे. पण त्याला अट एकच : चूक हमखास घडवून आणता आली पाहिजे. कधी घडते, कधी नाही, अशी असेल तर प्रत्येक टप्प्यावर उत्तर खोटं मिळेल आणि तुम्ही भलत्याच वळणावर जाल.

तिसरी_पाळी | मंगळवार, रात्री ११.५५

सगळं पटतं, पण एका बाबतीत वेगळं मत मांडतो. मी एका दवाखान्याच्या संगणक यंत्रणेवर रात्रपाळी करतो. दोन वाजता तपासणीचे रिपोर्ट निघेनासे झाले, खाली पेशंट आहे, डॉक्टर फोनवर आहेत. अशा वेळी मध्यावर जाऊन वॉल्व्ह उघडत बसता येत नाही. मी पहिलं रीस्टार्ट करतो. पेशंट आधी, चूक नंतर.

फक्त त्याआधी दोन मिनिटं घेतो, आणि ही दोन मिनिटं मी कोणालाही सोडू देत नाही. लॉगची (यंत्रणा स्वतः लिहिते त्या नोंदींची) प्रत बाजूला काढतो, डेटाबेसला किती जोडण्या चालू आहेत ते टिपतो, मेमरी किती भरली ते टिपतो. अडकलेल्या यंत्रणेत सगळा पुरावा जागच्या जागी असतो. रीस्टार्ट केलं की तो पुसला जातो आणि तीन दिवसांनी तेच दुखणं पुन्हा.

आमचं असंच होतं. दर तीन-चार दिवसांनी अडकायचं, रीस्टार्टने सुटायचं. पाच वेळच्या टिपा शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं की प्रत्येक वेळी जोडण्या बरोबर १०० झालेल्या. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, त्याची मूळ मर्यादा १०० च असते. मग प्रश्न बदलला : जोडण्या परत का येत नाहीत? रिपोर्ट छापताना प्रिंटरमधला कागद संपलेला असला की प्रोग्रॅम चूक दाखवून ते काम मधूनच सोडायचा आणि घेतलेली जोडणी परत करणारी ओळ राहून जायची. कागद नसताना छापायचा प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक जोडणी गेली. नर्सताई म्हणायच्या, "प्रिंटर रुसला की दोन दिवसांनी कॉम्प्युटर रुसतो." आम्हाला वाटायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गोदाकाठ | बुधवार, सकाळी ८.३०

तिसरी_पाळी, तुमचं बरोबर आहे. पुरावा जपून रीस्टार्ट, हे मी आजपासून पाळणार. आणि नर्सताईंचं वाक्य वाचून मला आमचे दिवाणजी आठवले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तुमच्याकडेही तेच झालं.

ओझरकर | बुधवार, सकाळी ११.१५

रीस्टार्टने बरं होतं याचा अर्थ चालता चालता काहीतरी साचतंय. जोडण्या, मेमरी, फाईली, नाहीतर नुसता वेळ.

वेळ साचण्याचं उदाहरण फार दुःखद आहे. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियात धहरानला पॅट्रियट यंत्रणा येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक गेले. यंत्रणा वेळ एक दशांश सेकंदाच्या टप्प्यांनी मोजायची. ०.१ हा आकडा द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत पूर्ण लिहिताच येत नाही, आपल्याला १/३ दशांशात लिहिता येत नाही तसा. तो २४ बिटांवर कापलेला होता. एका टप्प्याला फरक नगण्य, पण यंत्रणा १०० तास न थांबता चालू होती आणि तोवर साचून ०.३४ सेकंद झाला. तेवढ्यात क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम तिथे पोचला तो दुसऱ्या दिवशी.

म्हणून आमच्याकडे नवीन काहीही आलं की मी ते आठवडाभर न थांबवता चालू ठेवून बघतो. अर्ध्या तासाच्या चाचणीत साचणारी चूक दिसणार कशी?

शब्दवेल | बुधवार, रात्री ९.२०

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक वेगळीच चूक सांगते. एका छोट्या वाचनालयाची पुस्तकांची यादी आम्ही संगणकावर चढवली. 'वऱ्हाड' शोधलं की काही पुस्तकं यायची, काही नाही. कपाटात पुस्तक समोर आहे, यादीत नाव दिसतंय, शोधलं की सापडत नाही. आजोबा वाचक उठून निघून जायचे, त्याचं फार वाईट वाटायचं.

शेवटी सापडलेलं आणि न सापडलेलं असे दोन 'वऱ्हाड' शेजारी ठेवून त्यांतले वर्ण मोजले. एकात सहा, दुसऱ्यात सात! डोळ्यांना दोन्ही तंतोतंत सारखे. एकीने 'ऱ' या स्वतंत्र अक्षरापुढे हलन्त देऊन टाइप केलेलं, दुसरीच्या कीबोर्डने साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडवर्ण घातलेला. पडद्यावर अर्धा 'र' तसाच आडवा उमटतो, पण संगणकाला हे दोन वेगळे शब्द.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, मजकूर एकसारखा करून घ्यायची ठरलेली पद्धत आहे. ती मी लगेच लावली. तिने 'र' आणि नुक्ता (खालचं टिंब) असं वेगवेगळं टाइप केलेलं 'ऱ' मध्ये एकत्र होतं. पण या जोडवर्णाचं काही होत नाही. 'ॲ' चंही तसंच : एकसंध 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीचे लोक 'अ' वर चंद्र देऊन लिहायचे, आणि ही दोन रूपं संगणक आजही वेगळीच मानतो. शेवटी मराठीपुरता बदलांचा एक तक्ता मी हाताने केला आणि नोंद साठवताना व शोधताना, दोन्हीकडे लावला. एकाच बाजूला लावला असता तर उलट जी पुस्तकं सापडत होती तीही गेली असती.

डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, वर्ण मोजायचे. नवी_कोरी, तुमच्या मामांच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे का?

नवी_कोरी | गुरुवार, दुपारी १२.४०

शब्दवेल ताई, हो!!

काल संध्याकाळी मामांकडे मखमलाबादला गेले. दिंडोरीचा दादांनी सांगितलं तसं मध्यावर आकडा छापला. खान्यात १२ दिसत होते, पण आकड्यात रूपांतर झाल्यावर 'नॅन' आलं, म्हणजे हा आकडाच नाही. मग वर्ण तपासले. मामा मराठी कीबोर्डवर देवनागरी '१२' लिहितात. जावास्क्रिप्टला ते अंक म्हणून कळत नाहीत. पायथन या दुसऱ्या भाषेला कळतात, तिथे तेच रूपांतर नीट होतं, म्हणून सर्व्हरकडची माझी चाचणी नेहमी पास व्हायची. आता देवनागरी अंक आधी बदलून घेतेय. बेरीज आली तेव्हा मामांनी सगळी झाडं पुन्हा पहिल्यापासून भरली. त्यांना वाटत होतं, त्यांच्याच हातून काही चुकतंय.

सातपूर_शॉप | गुरुवार, दुपारी १.३०

शाब्बास. चूक मशीनची असते आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो, हे शॉपवरही रोज बघतो. मामांना सांगितलंत ना, त्यांचं काही चुकलं नव्हतं?

नवी_कोरी | गुरुवार, दुपारी १.४५

सांगितलं. दोनदा.

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री १.५०

शेडवरून लिहितोय. माझ्या दुरुस्तीत अजून एक चूक होती, ती नोंदवून ठेवतो.

मंगळवारी मी ओळ बदलली आणि सर्व्हरची तारीख भारतीय वेळेने घ्यायला लावली. आता काटापट्टी आणि हिशोबपट्टी दोन्हींवर तीच तारीख येते. मी निर्धास्त होतो. आज दिवाणजींनी दोन पट्ट्या पुढे ठेवल्या आणि म्हणाले, "तारखा जुळतात, पण पैसे अजून चुकतात."

एकच शेतकरी, एकाच दिवशी तोडलेला माल. अर्धे क्रेट पावणेबाराच्या गाडीत, अर्धे सव्वाबाराच्या. पहिल्यांना १३ तारखेचा भाव लागला, दुसऱ्यांना १४ तारखेचा. मी विचारलं, मग खरी तारीख कोणती धरायची? ते म्हणाले, "माल ज्या दिवशीच्या भावात ठरला तो दिवस. गाडी रात्री तीनला निघाली तरी दिवस तोच. आमचा दिवस बाराला बदलत नाही, शेवटची गाडी गेली की बदलतो." त्यांची हाताची वही उघडून बघितली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक तारीख आणि खाली रात्री अडीच-तीनपर्यंतच्या गाड्या, त्याच पानावर. किती वर्षांचा शिरस्ता असेल कोण जाणे.

म्हणजे मी दोन घड्याळं जुळवली, पण कामाचा दिवस घड्याळातून काढायचाच नव्हता. आता नोंदीत दोन वेगळे रकाने केलेत : वजनाची वेळ घड्याळातून आपोआप, आणि भावाचा दिवस दिवाणजी संध्याकाळी पान उघडतात तसा उघडतील आणि शेवटच्या गाडीनंतर बंद करतील. तो बंद केल्याशिवाय पुढचा दिवस उघडणार नाही. मागच्या सगळ्या पट्ट्या त्यांच्या वहीशी ताडून पाहायच्या आहेत. आतापर्यंत बावीस जणांचा फरक निघालाय, उद्यापासून एकेकाला फोन करून पैसे वळते करायचे आहेत.

शेवटची गाडी भरतेय. ती गेली की ते पहिल्यांदा मोबाईलवर दिवस बंद करणार आहेत, म्हणून थांबलोय.